चौबळांच्या माधवीला बोट लागली

शरच्चंद्र चौबळ हे नाव उच्चारायला जेवढं अवघड, तेवढाच तो माणूस वळवायला. कचेरीत हेडक्लार्क आणि घरात हेडमास्तर. सुचेता लग्न होऊन भिवंडीच्या त्या आळीत आली, तेव्हा पहिल्याच हळदीकुंकवाला शेजारच्या कमळकाकूंनी तिला बाजूला घेऊन सांगून टाकलं, "नवरा चांगला आहे हो तुझा. फक्त एकदा बोलला की ब्रह्मदेव आला तरी शब्द मागे घ्यायचा नाही. त्याच्या बापाने अशाच एका शब्दापायी पडघ्याची जमीन घालवली." कमळकाकूंच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, कोणतं निम्मं, ते मात्र त्या सांगत नाहीत.

सुचेता प्राथमिक शाळेत शिकवायची. शाळेत चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी ही बाई घरी आली की सासूबाईंच्या, म्हणजे माईंच्या, नियमांत वावरायची. माईंचे नियम पुष्कळ होते. त्यातला एक असा, की ओकणाऱ्या पोराचं पाणी तोडायचं. पोट बसेपर्यंत थेंब द्यायचा नाही. या नियमावर आठ पोरं वाढवली, असं माई अभिमानाने सांगत. झाली होती अकरा. उरलेल्या तिघांबद्दल नियमाला कोणी जाब विचारला नव्हता.

सुचेताची माधवी चार वर्षांची, काडीसारखी, आणि तिला गाडी लागायची. सुचेताचं माहेर वाड्याला. एसटी अंबाडीला पोचायच्या आत पोर पिवळी पडायची. त्या रस्त्यावरचा एक कंडक्टर तर ओळखीचाच झाला होता. या मायलेकी चढल्या की तो ओरडायचा, "आली का चौबळांची कारंजी? खिडकी द्या रे पोरीला, न्हाय तर माजी खाकी जाईल!" सगळी गाडी हसायची, माधवीही हसायची, आणि पुढच्या वळणावर कारंजी सुरू व्हायची.

शहाऐंशी साली चौबळांना सरकारी प्रवास सवलत मिळत होती. वर्षअखेर ती बुडणार होती, आणि सवलत बुडवणं म्हणजे चौबळांच्या मते घराण्याची अब्रू बुडवणं. जायचं कुठे, यावर घरात महिनाभर खल झाला. शेवटी सुचेतानेच गोव्याच्या बोटीचं काढलं. "पोरीला गाडी लागते ना? मग बोटच बरी. बोटीला ना खड्डे, ना घाट, ना वळणं." कमळकाकूंनी लगेच री ओढली, "पाळण्यासारखी जाते म्हणे!" त्यांनी बोट पाहिलेली होती ती कॅलेंडरवर. पण चौबळांना पटलं, आणि एकदा पटलं म्हणजे झालंच.

मे महिन्यात तिघं निघाले. निघण्याच्या दिवशी पहाटे माईंनी नातीला शिकरण-पुरी खाऊ घातली. रिकाम्या पोटी प्रवासाला निघू नये, हाही नियमच.

बोटीच्या डेकवर जागा ज्याने सतरंजी अंथरली त्याची. चौबळांनी कठड्याजवळची जागा धरली, चपला कडेला ओळीने लावल्या आणि फिरकीचा तांब्या मांडीशी घेऊन ते वर्तमानपत्र वाचत बसले. बंदराबाहेर पडेपर्यंत माधवी टाळ्या वाजवत होती. मग मोकळा समुद्र लागला. पाळणा हलू लागला, आणि तो थांबवायला कोणी नव्हतं.

आधी शिकरण गेली. मग पुरी. मग नुसतं पिवळं पाणी. डेकवर इतरही पोरं ओकत होती, एक सुटाबुटातले गृहस्थ कठड्याला लोंबकळले होते, आणि ज्यांना बोट लागली नव्हती त्यांची भरपूर करमणूक चालली होती. शेजारच्या सतरंजीवर मालवणला निघालेली एक आजीबाई होती. तिने अर्धं लिंबू पुढे केलं. "चेडवाक ह्या हुंगूक दी गो बाय. बोटीक काय घाबरूचा नाय." आणखी कोणी आलेपाक दिला, कोणी कांदा. माधवीने सगळं हुंगलं आणि सगळ्यावर ओकली.

"पाणी," ती म्हणाली.

"पोट बसू दे, मग," चौबळ म्हणाले.

"बाबा, एकच घोट."

"माईआजीने काय सांगितलंय? ओकल्यावर पाणी प्यायचं नसतं."

सुचेता म्हणाली, "अहो, ओठ सुकलेत तिचे. नुसते ओले करते."

"तूही आता तिच्यासारखी हट्ट करू नकोस," चौबळांनी तिला झापलं. ते जरा मोठ्याने बोलले, त्यामुळे आजूबाजूच्या सतरंज्यांनी माना वळवल्या. "बरोबर बोलतात ते," असं कोणीसं पुटपुटलं. आता तर प्रश्न चार लोकांत गेला, आणि चार लोकांत गेलेला शब्द चौबळ काय मागे घेतात!

दुपारी ऊन डेकच्या ताडपत्रीखाली शिरलं. चौबळ तोंडावर पंचा टाकून आडवे झाले आणि जरा वेळाने घोरू लागले. तांब्या सुचेताच्या बाजूला होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, फिरकी काढली आणि फुलपात्रात पाणी ओतून माधवीच्या तोंडाला लावलं. पोर दोन्ही हातांनी फुलपात्र धरून घटाघटा प्यायली. तिने दम घेतला असेल नसेल, सगळं पाणी भडाभडा बाहेर आलं. आजीबाईच्या गाठोड्यापर्यंत ओघळ गेला.

"पानी दिलंस मगो?" आजीबाई कावली. "ओकत्या पोराक पानी नाय देवचा, इतक्या कळना नाय तुका?"

सुचेता ओशाळली. माईंचा नियम तिच्या डोळ्यांदेखत खरा ठरला होता, तोही गाठोड्यासकट. तिने फिरकी घट्ट लावली.

जरा वेळाने चौबळ उठले आणि डेकच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. सुचेताच्या मनात आलं, पुरुषांना ओकारीचा वास कुठे सोसतो? ते दिवेलागणीपर्यंत परत फिरकले नाहीत. तेवढ्या वेळात माधवी आणखी तीन-चारदा ओकली. मग जुलाबही सुरू झाले. बोटीने पोट ढवळलं की असं व्हायचंच, असं आजूबाजूच्यांनी ठरवून टाकलं. सुचेता पोरीला पुसत होती, तिचा फ्रॉक विसळत होती, सतरंजी धूत होती. तांब्यातलं पाणी त्यातच संपलं. पोरीच्या पोटात त्यातला थेंब गेला नाही.

चौबळ आले तेव्हा त्यांनी रिकामा तांब्या उचलून पाहिला आणि नळावरून भरून आणून ठेवला.

एव्हाना माधवी पाणी मागायची थांबली होती. "निजला गो एकदाचा चेडू," आजीबाई म्हणाली. "आता उतारली बोट तेची." डोळे मात्र अर्धवट उघडे होते आणि खोल गेले होते. रडली तरी पाणी येत नव्हतं. सुचेता तिला मांडीवर घेऊन रात्रभर हवा घालत बसली, आणि भरलेला तांब्या वीतभर अंतरावर होता.

सकाळी पणजीच्या धक्क्यावर उतरले तेव्हा पोर हाक मारल्यावरही बघत नव्हती. टॅक्सी केली, दवाखाना गाठला. चौबळ खिडकीपाशी केसपेपर काढत उभे होते, म्हणून डॉक्टरांनी विचारलं ते सुचेताला. "शेवटचं पाणी कधी प्यायली?"

"काल दुपारी."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. शिक्षिका आहे, चांगल्या घरची दिसते, असं काहीसं त्या पाहण्यात होतं. मग ते सुईसाठी शीर शोधू लागले. सापडायला फार वेळ लागला. दुपारच्या आत सगळं संपलं.

आळीत बातमी गेली ती "चौबळांच्या माधवीला बोट लागली" एवढीच. माई म्हणाल्या, समुद्राने नेली. कमळकाकूंनी पुढे चार वर्षं बोट या विषयावर बोलून घेतलं. सुचेता कोणाला काहीच बोलली नाही. दवाखान्यातला प्रश्नही तिने नवऱ्याला सांगितला नाही. त्यांनी पाणी तोडलं, आणि मी तोडू दिलं, एवढंच ती आत धरून बसली. चौबळांच्या ताटात कधी मीठ जास्त पडलं नाही, घरात कधी आवाज चढला नाही. आळीला वाटायचं, काय समजूतदार जोडपं! दुसरं मूल मात्र झालं नाही, आणि त्यावरही आळीने आपली मतं दिली.

चौऱ्याण्णव साली, माई गेल्यावर दोन वर्षांनी, कमळकाकूंच्या नातवाला हगवण-ओकारी लागली. काकूंचा मुलगा लूमच्या कारखान्यात ड्युटीवर, म्हणून चौबळच त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. परत आले ते थेट स्वयंपाकघरात. पान मांडून झालं होतं. ते पाटावर बसले नाहीत, चौकट धरून उभे राहिले.

"डॉक्टर कमळकाकूंना सांगत होता," ते म्हणाले. "मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा. ओकलं तरी दहा मिनिटं थांबा आणि परत चमच्या-चमच्याने द्या. पाण्यावाचूनच पोरं जातात, म्हणाला."

सुचेता कणीक मळत होती. ती मळतच राहिली.

"मी म्हटलं त्याला, पाणी देऊनही जातात."

"कोणाला दिलं होतं?"

"अगं, आपल्या माधवीला. तू दिलंस ना? मी बघितलं. पंच्याखालून." चौबळांचा आवाज बारीक झाला. "मी झोपलो नव्हतो. चार लोकांत नाही म्हणून बसलो होतो, आता हो कसं म्हणायचं? म्हटलं, ओकली तरी तू परत दे, मी बघत नाही. म्हणून तर तिकडे जाऊन बसलो, संध्याकाळपर्यंत. आलो तर तांब्या रिकामा. मला बरं वाटलं."

सुचेताने कणकेतले हात बाहेर काढले.

"एकदाच दिलं मी," ती म्हणाली. "ओकली ती. मग नाही दिलं. वाटलं, तुमचंच खरं."

"आणि तांब्या?"

"फ्रॉक धुतला. सतरंजी धुतली."

चौबळांनी चौकटीवरचा हात काढला.

"मला सांगायचं तरी," सुचेता म्हणाली. "नुसतं एवढंच म्हणायचं, की दे."

"सगळे बघत होते गं."

ते बाहेर गेले आणि ओट्यावर जाऊन बसले. समोरून कमळकाकूंनी विचारलं, "काय हो, आज जेवण नाही वाटतं? भांडलात की काय?" आत सुचेताने चार पोळ्या लाटल्या, भाजल्या, स्वतःचं पान वाढून घेतलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याच्या आधी जेवायला बसली.