सर्वांत कमी दराचं विमान

आमच्या यांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत, खरेदी विभागात गेली. कपाट असो की टाचण्या, तीन कोटेशनं मागवायची आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम द्यायचं. चंदीगडच्या क्वार्टरमध्ये आमची गॅसची शेगडीही याच पद्धतीनं आली. माझी तक्रार नव्हती. शेगडी पेटत होती.

पण लेकीनं कमर्शियल पायलट व्हायचं ठरवलं, तेव्हाही यांनी तीन शाळांची कोटेशनं मागवली! लायसन्ससाठी दोनशे तास उडावं लागतं. तेव्हा जिचा तासाचा दर कमी ती शाळा, झालं. तिथे विमानं किती, त्यातली चालू किती, हे कुणी विचारायचं? मी विचारलं. "अगं, ते टेक्निकल आहे," म्हणाले. जीपीएफमधून काढलेली रक्कम एकदमच भरून टाकली, कारण एकरकमी भरली की सूट होती.

शाळा दुसऱ्या राज्यात. विमानं दोन आणि रांगेत पोरंच पोरं. त्यातलं एक विमान दुरुस्तीला गेलं ते गेलंच. मग धुकं, मग पाऊस, मग शिकवणाऱ्या कॅप्टननी नोकरी सोडली. तास काही वाढेनात, होस्टेलचं आणि मेसचं बिल मात्र दर महिन्याला हजर. खंड पडला की शिकलेलं पुन्हा शिकायचं, त्याचे पैसे वेगळे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

शेवटी लेक बॅग घेऊन घरी आली. भरलेले पैसे परत मिळणार नव्हते. मी म्हटलं, "अहो, फंडात उरलंय ते काढा, माझे दागिने मोडा, पण पोरीला चांगल्या शाळेत घाला."

"घालू ना. पण पद्धतीनं. आधी तीन कोटेशनं मागवतो."

माझं डोकंच फिरलं. हातातला कणकेचा गोळा मी परातीत आपटला. "चुलीत गेली तुमची कोटेशनं! किती वर्षं घालवायची अजून तिची?"

लेक आतून बाहेर आली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत.

"मम्मा, लड़ो मत. पापा, कुछ मत मंगवाओ. मैंने एअरपोर्ट पे चेक-इन काउंटर की जॉब ले ली है. सोमवार से."

यांनी मान खाली घातली. मला इतकं रडू आलं की राग कुणावर काढायचा तेही सुचेना. तिनंच जवळ येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रो क्यों रही हो? प्लेन तो रोज़ दिखेंगे ना."