बोंडअळी आणि एसटीडी बूथ

नव्वदच्या दशकात, पीएचडी झाल्यावर मी विद्यापीठातल्या एका संशोधकाच्या जागेसाठी अर्ज केला. त्या जागेला चार गोष्टी लागत होत्या: कीटकशास्त्रातली डॉक्टरेट, छापून आलेले शोधनिबंध, शेतातल्या प्रयोगांचा अनुभव आणि आपलं काम शेतकऱ्याला समजावून सांगता येणं. पहिल्या तिन्हींचे कागद माझ्याकडे होते. चौथीचा कागद कोण देणार, डोंबल!

मुलाखत फोनवर होती आणि आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून मी जवळा बाजार गावातल्या एसटीडी बूथमध्ये शिरले. नेमका बाजाराचा दिवस. बाहेर ही रांग! मी आत फाडफाड इंग्रजी झाडत असताना रांगेतल्या एका काकांनी दारच उघडलं. "पोरी, किती येळ? काय सांगून राहिली एवढं?"

मी भडकले. "बोंडअळीचं सांगून राहिले! कापसात सापळा लावायचा, त्यात मादीच्या वासाची गोळी ठेवायची. नर पतंग वासानं येतो अन् अडकतो. मग अंडी उबत न्हाईत, अळी होत न्हाई. कळलं?"

रांग खदखदून हसली. रिसीव्हरमधून मुलाखत घेणारे प्राध्यापक चक्क मराठीत म्हणाले, "कळलं का, विचारा बरं त्यांना."

मी विचारायच्या आत काकांनी रिसीव्हर हिसकावला. "व्हय सायेब, बराबर कळलं! लगीन झाल्यापासून मी बी तसाच अडकून राहिलो!"

पलीकडचं हसणं बूथभर ऐकू आलं. नोकरी मिळाली. चौथा कागद मला आजवर कुणी मागितलेला नाही.