दिसतं, पण हाताला सापडत नाही

डोळे चांगले आहेत माझे. हे आधीच सांगून ठेवते, कारण वरोऱ्यात जो भेटतो तो मला चष्म्याचा नंबर विचारतो. समोरच्या भिंतीवरची पाल मला दिसते, तिची शेपटी दिसते. चहाचा कप दिसतो, त्यावरची साय दिसते. फक्त कप धरायला हात पुढे केला की हात कपाच्या शेजारी जाऊन बसतो, मूर्खासारखा.

आम्ही मनियार. बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या भरणं हा आमचा घरचा धंदा. उन्हाळ्यात एक दिवस दुकानातच चक्कर येऊन पडले, तिथून हे सुरू झालं. शुद्धीवर आले तेव्हा बोलणं ठीक, चालणं ठीक. सगळे म्हणाले, चला, थोडक्यात निभावलं. डोंबलाचं निभावलं! चार दिवसांनी दुकानात बसले, हिरव्या बांगडीला हात घातला आणि तो लाल बांगड्यांत घुसला. परत घातला तर अख्खं खोकं खाली आलं.

नवरा म्हणाला, "डोळे गेले वाटते तुझे."

मग काय विचारता! डोळ्यांचा डॉक्टर झाला. त्याच्या पाटीवरची शेवटची बारीक ओळसुद्धा मी घडाघडा वाचली, तरी नवा चष्मा झालाच. नवऱ्यानं दुकानात दोन मोठ्या ट्यूबलाइट लावल्या. इतका उजेड की संध्याकाळी गिऱ्हाईक कमी आणि किडे जास्त. हात होता तिथेच राहिला.

शेवटी नागपूरला मेंदूच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण मुलगी होती. तिनं पेन समोर धरलं. काय आहे? पेन. रंग? निळा. "आता घ्या." हात पेनाच्या बाजूनं हवेत गेला. मग म्हणाली, "डोळे मिटा आणि स्वतःचं नाक धरा." ते मी बरोब्बर धरलं. तेव्हा तिनं समजावून सांगितलं. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदू दोन कामांना वापरतो. वस्तू काय आहे हे ओळखायचं, ते एक. ती नेमकी कुठे आहे, हात किती लांब न्यायचा, बोटं किती उघडायची, हे हाताला सांगायचं, ते दुसरं. दुसरं काम करणाऱ्या जागी रक्त पोचलं नाही आणि ती जागा मेली.

"मग दुरुस्त करून द्या ना मॅडम."

"मेलेला भाग परत येत नाही. सराव करा, थोडं सुधारेल."

थोडं म्हणे! येताना बसमध्ये नवरा खिडकीबाहेर बघत होता आणि मी माझ्या हाताकडे. इतका राग आला होता त्या हाताचा, की दुसऱ्याचा असता तर फटका दिला असता.

पण एक गोष्ट त्या डॉक्टरणीला ठाऊक नव्हती. बांगडी भरताना मनियारीण बांगडीकडे बघतच नाही. ती बाईशी बोलते. सासू कशी आहे, असं विचारायचं. बाई सासूवर घसरली की तिचा हात आपोआप सैल पडतो, मग अंगठ्याखालचं हाड दाबायचं आणि बांगडी पार करायची. सगळा कारभार बोटांचा. म्हणून मी डोळे मिटले आणि जावेला म्हटलं, "तुझा हात माझ्या हातात दे, बांगडीही दे." सहाच्या सहा भरल्या, एकही पिचली नाही. जाऊ रडायला लागली. मला वाटलं, सुटले.

त्यानंतर आमचं तसंच चालायचं. जाऊ बांगडी द्यायची, गिऱ्हाईक हात द्यायचं, मी डोळे मिटून भरायची. "भाभी, डोळे काऊन मिटून राह्यल्या?" असं कुणी विचारलं तर सांगायची, "तुमचं रूप सोसत नाई मले." हसायच्या. पण पुढच्या वेळी यायच्या नाहीत. धातूच्या नाही तर प्लास्टिकच्या बांगड्या घालायच्या, ज्यांना मनियारीण लागत नाही. घरात बोलणं झालं होतं, की असंच राहिलं तर दुकान उठवायचं.

अशात एका लग्नाचं बोलावणं आलं. मुलीच्या आईचा लग्नातला चुडा मीच भरला होता, आणि तेव्हापासून दर सणाला ती माझ्यापुढे हात करून बसायची. तिनं निरोप पाठवला, "माह्या पोरीचा चुडा भाभीच भरतीन." नवरा नको म्हणाला. मी गेले. नवरीचा चुडा निर्वेध भरला, तर गावातल्या बायका परत येतील. नाही भरला, तर संपलं. एवढा साधा हिशेब होता.

मांडवात नवरी पाटावर, मी तिच्यासमोर चटईवर. डोळे मिटले. हिरव्या बांगड्या एकामागून एक अशा गेल्या की काय सांगू! पोरीला कळलंसुद्धा नाही. बायका वाहवा करत होत्या. मी डोळे उघडले.

चुडा भरून झाला की नवरी मनियारणीला वाकून नमस्कार करते आणि आपण तिच्या डोक्यावर हात ठेवतो. ती वाकली, दोन्ही हात माझ्या पायांपाशी टेकले. तिचा भांग मला स्वच्छ दिसत होता. आनंदात मी डोळे मिटायला विसरले, आणि हात भर्रकन खाली टाकला. तो डोक्याच्या बाजूनं गेला आणि तिच्या मनगटावर आपटला, खाली पाटाची कड. काच कडाकड गेली. नवरी ओरडली. हिरव्या तुकड्यांत रक्त. मग कुणीतरी म्हातारी म्हणाली, "अरे देवा, लग्नाच्या दिवशी!"

नवरीची आई माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "होते भाभी, जाऊ द्या," म्हणाली, आणि पोरीला आत घेऊन गेली. दुसरा चुडा जावेनं भरला.

आता दुकानात जाऊ बसते. मी मागे स्टुलावर. संक्रांतीच्या आधी त्या नवरीची आई आली, नेहमीसारखी. जाऊ घरी गेली होती. माझ्याशी गोड बोलली, पोरगी सासरी मजेत आहे म्हणाली. बांगड्या निवडल्या. मी डोळे मिटले आणि हात पुढे केला.

हातात काही आलं नाही. डोळे उघडले तर तिनं बाजूच्या बादलीतलं पाणी घेतलं होतं, साबणाची वडी मनगटावर घासत होती. स्वतःच बांगडी चढवत होती. एक पिचली. दुसरी पिचली. अंगठ्यापाशी लाल ओरखडा उठला. तरी खाली मान घालून, दात आवळून ती तिसरी चढवत राहिली. माझा हात तिच्यासमोर तसाच होता, आणि मी तो मागे घेतला.