आप्पांचं वाफेचं इंजान आन् माझं डिझेल

रुसलेली बायको परत आणायला मानसं साडी घेऊन जात्यात, मला सासऱ्याबरोबर बॉक्सिंग खेळावं लागलं.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. मी शिरूरचा. मार्केट यार्डात कांदा टेम्पोत भरायचा आन् पुण्यात नेऊन टाकायचा, हा धंदा. शिक्षान म्हनाल तर शाळेच्या भिंतीला टेकून गोट्या खेळलो, तेवढंच! पन नदीच्या पुलाजवळ एका हाटेलात टीव्हीची डिश आली आन् मला रविवारी सकाळी हेवीवेट बॉक्सिंगचा नाद लागला. इंग्रजी एक अक्षर कळायचं न्हाई. पन मार कळतो की! दोन रेडं समोरासमोर, घंटा वाजली, एक धाडकन आडवा. आन् पाडनारा तो माझा गडी! माझा चहा बी संपायचा न्हाई.

आन् देवानं सासरा दिला दौंडचा. आप्पा रेल्वेत फायरमन. वाफेच्या इंजनात कोळसा टाकून टाकून मनगट असं झालेलं, की त्यांनी हातात हात घेतला तर मला दोन दिवस गिअर पडायचा न्हाई. त्यांच्या जवानीत दौंडला अँग्लो-इंडियन ड्रायव्हर लोकं होती, ती रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधी बॉक्सिंग खेळायची. तिथं पडद्यावर हेवीवेटच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मा लागायच्या. त्यातला एक नाचरा गडी आप्पांच्या डोक्यात बसला तो बसलाच.

"जावईबापू, माझा गडी वाफेचं इंजान! पंधरा पंधरा राऊंड चालायचं. तुमच्या टीव्हीतलं डिझेल. चालू केलं की नुसता धूर."

"आप्पा, माझ्या गड्याची एक बुक्की बसली असती ना, तुमचं इंजान थेट मनमाडला भंगारात गेलं असतं!"

हे मी कवा बोललो? सुमनला, म्हंजी माझ्या बायकोला, माहेरावरनं न्यायला गेलो तवा! (शहान्या मानसाचं टायमिंग असंच असतं.) आप्पा भरल्या ताटावरनं उठले. सुमन म्हनली, "माझ्या बापाला उपाशी उठवलंत? मग जावा एकलेच."

आलो एकलाच. टेम्पोत शेजारच्या सीटवर कुनी न्हाई, "हळू चालवा" म्हनायला कुनी न्हाई. घरात स्वतः केलेली खिचडी. ती म्हशीनं बी हुंगून सोडली. पुढच्या रविवारी बॉक्सिंग बघितलं, माझा गडी जिकला, आन् सांगू कुनाला? सुमनला त्यातलं काय कळायचं न्हाई, पन "बरं झालं बाई, जेवा आता" एवढं तरी म्हनायची!

मग लागला अधिक महिना. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवान घालावंच लागतं, मग भांडान असो नायतर कोर्टकेस. त्या महिन्यात जावई म्हंजी नारायण! दौंडचं आवतान आलं. त्याच्या शेपटाला सुमनचा निरोप: "आप्पांच्या गड्याला एक शब्द बोलायचा न्हाई. न्हाई बोललात तर मी संग येते. बोललात तर पुढच्या अधिकालाच भेटू." पुढचा अधिक म्हंजी तीन वर्सांनी!

मी तोंडाला कुलूप लावून गेलो. नव्या कपड्यात अंगनातच पाटावर बसवलं, सासूबाईंनी ओवाळलं, अनारशाचं ताट म्होरं ठेवलं आन् पुरन भरलेलं धोंडं वाढायला लागल्या. नारायणाला नको म्हनता येत न्हाई. मी खातोय, त्या वाढतायत. वरनं तुपाची धार. मला वाटलं, बरंय, तोंड भरलेलं ऱ्हाईल तर शब्द निघनार न्हाई.

आप्पा म्हनाले, "काय जावईबापू, परवाचं पहिल्याच राऊंडला उरकलं म्हनं."

"व्हय आप्पा."

"तिकीट काढून आलेली मानसं अजून खुर्ची पुसत असतील, न्हाई?"

मी सुमनकडं बघितलं. तिनं तुपाची पळी वर केली. मी एक धोंडा सबंध तोंडात कोंबला.

"आमच्या टायमाला मानूस घाम गाळायचा. आता नुसतं पोट वाढवत्यात."

धोंडा गिळला आन् शब्द सुटला! "आप्पा, तुमचा गडी माझ्या गड्याम्होरं एक मिनीट टिकला असता, तर मी मिशी काढली असती!"

पळी खाली पडली. सुमन म्हनली, "झालं समाधान? जावा आता शिरूरला," आन् आत निघून गेली.

आप्पांचं तोंड एवढंसं झालं. पोरगी माहेरीच ऱ्हावी म्हनून म्हातारा काय मला डिवचत नव्हता. बोलायला हक्काचा मानूस घावला होता, एवढंच. ते उठले, पेटी उघडली आन् दोन जोड ग्लोव्ह काढले. एक अँग्लो ड्रायव्हर देश सोडून गेला तवा ह्यांना देऊन गेलेला.

"सुमे, भाईर ये! अंगनात निकाल लावतो. मी जुना जमाना, हे नवा. हे जिकले तर तू जायचं."

सासूबाई कळवळल्या, "अवो, अधिक महिना हाय! नारायणाला बुक्क्या मारता व्हय?"

"मारनार हाय कोन?" आप्पा म्हनाले. "तू ताट वाजव."

आता माझी गंमत बघा. मारावं तर बायकोचा बाप. न मारावं तर बायको दौंडात. मी ठरवलं, एकच हलकी बुक्की, खांद्यावर, कापूस लावल्यासारखी. मग आप्पा मोठ्या मनानं खाली बसतील.

ताट वाजलं. मी बुक्की मारली. आप्पा तिथं न्हाईत! मागनं आवाज, "हिकडं, जावईबापू!" वळून मारली. आप्पा तुळशीजवळ! साठीतला मानूस, धोतराचा सोगा खोचून, अनवानी पायानं असा नाचतोय, जसा अंगनाखाली निखारा हाय. मी फिरतोय. पोटातलं पुरन फिरतंय. तूप तर माझ्याआधी एक चक्कर मारून येतंय! अंगन फिरायला लागलं, दोन आप्पा दिसायला लागले, त्यातल्या चुकीच्या आप्पाला मी सगळी ताकद लावून बुक्की मारली आन् धाडकन आडवा. अनारशाच्या ताटात!

कुनी हात न लावता नॉकआउट झालेला जगातला पैला हेवीवेट.

आप्पा वाकून म्हनाले, "बघितलं? जुन्या टायमाला मारायची गरजच पडायची न्हाई."

मला सुमनचं हसू ऐकू आलं. तोंडाला पदर लावून, भिंतीला धरून हसत होती. आप्पा म्हनाले, "सुमे, उचल ह्याला आन् घरी ने. ह्याचं एकल्याचं काय खरं न्हाई." आन् ती आली! टेम्पोत माझ्या केसातलं अनारशाचं तुकडं काढत, शिरूर येईपर्यंत हसली.

तवापासनं दर रविवारी शेजारच्या एसटीडी बूथवर दौंडहून आप्पांचा फोन. हॅलो न्हाई, बोला न्हाई. थेट, "काय झालं डिझेलचं?" फोनला पाळी लावून उभी असलेली मानसं बोंबलायची, आमचं संपायचं न्हाई.

आप्पा जाऊन आता लई वर्सं झाली. परवा पोरीनं मोबाईलवर त्यांचा तो नाचरा गडी काढून दिला. बघितला. खांदा पाडून, मागं सरकून, हसत... तंतोतंत आमचे आप्पा, नुसतं धोतर न्हाई! लगेच फोन लावावा वाटलं, आप्पा, हरलो, मिशी काढतो. पन नंबर कुठला लावू?

गेल्या अधिकात माझा जावई जेवायला आला. शिक्रापूरला कंपनीत हाय. म्हनला, "पप्पा, तुमच्या वेळचे बॉक्सर स्लो वाटतात. आताचे बघा, साडेसहा फूट!"

"तुझं तर बॅटरीवरचं इंजान!" मी ओरडलो. "जुना जमाना म्हंजी काय, दावतो!" आप्पांचे ग्लोव्ह काढले, लुंगी खोचली, त्यांच्यासारखा नाचायला गेलो, आन् दुसऱ्याच पावलाला पाय सतरंजीत.

धाडकन!

जावई घाबरून म्हनला, "पप्पा, मी तर अजून पाटावरनं उठलोच नाही!"

सुमन भिंतीला धरून हसत होती, तशीच. आन् माझा कान पडल्या पडल्या फोनकडं. आता वाजंल, आता म्हनतील, काय झालं डिझेलचं?

डिझेल भंगारच्या यार्डात पडलंय, आप्पा. आन् ह्या खेपेला बी धक्का कुनी दिला न्हाई!