टेकडी थंड आहे

रामटेके सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कोरचीकडच्या आमच्या गावात. ते चंद्रपूरच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे आणि विद्यार्थ्यांना घेऊन आले होते. आमच्या टेकडीवर गावदेव आहे, हे कळताच त्यांनी हातोडी पिशवीत ठेवली, पुजाऱ्याला विचारलं आणि सुटून पडलेलाच दगड उचलला. देवाचा असा मान ठेवणारा शिकलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

फिकट गुलाबी दगड दाखवत ते मुलांना म्हणाले, "हा रायोलाइट. ज्वालामुखीतून आलेला."

मी मागे उभा होतो. ज्वालामुखी, एवढंच माझ्या कानात राहिलं. मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याच टेकडीखाली नव्या घराचं जोतं बांधून झालं होतं. मी मिस्त्रीला परत पाठवलं.

"सून काय मोहाच्या झाडाखाली राह्यल?" घरची ओरडली.

"टेकडी फुटली त मंग?"

मी चौथी शिकलेला. सरांना विचारायची हिंमत होईना. शेवटी तीच त्यांना घेऊन आली. सर हसले नाहीत. जोत्यावर बसून त्यांनी तिलाच विचारलं, "बाई, आंबील ताटात ओतली त काय होते?"

"पसरते."

"अन घट्ट शिजवलेला घाटा?"

"जागीच बसते. आमच्या ह्या माणसावानी."

तेव्हा मात्र सर मोठ्यानं हसले. मग मला म्हणाले, "काळ्या दगडाचा रस आंबिलीवानी पातळ. ह्याचा घाट्यावानी. ह्यात गारगोटीचा अंश जास्त, लोखंड कमी, म्हणून रंग फिका. हळूहळू सरकला, वर येऊन लवकर निवला, म्हणून दाणे डोळ्याले दिसत नाईत. माणूस नव्हता तवाची गोष्ट आहे, भाऊ. हात लावून पाहा."

दगड थंड होता.

"अन उद्या?"

"उद्याबी. आतली चूल कवाचीच विझली. मी असतो त इथीच घर बांधलं असतं."

त्या दुपारी ते आमच्याकडे जोत्यावरच जेवले. संध्याकाळी मी मिस्त्रीला बोलावणं धाडलं. लग्नालाही सर आठवणीनं आले. पुढे भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, टेकडी कशी आहे?"

मागे त्यांचं ऑपरेशन झाल्याचं ऐकलं आणि माझी झोप उडाली. नातवाकडून फोन लावून घेतला. पलीकडून बारीक आवाज आला, "भाऊ, टेकडी कशी आहे?" माझा जीव भांड्यात पडला.

सरांना पंचाहत्तरावं वर्ष लागलं आहे. गावदेवानं त्यांना शंभर वर्षं धडधाकट ठेवावं. सर, गुडघे सांभाळून एकदा या. टेकडी थंड आहे. तिच्याखालचं घर नातवंडांनी भरलं आहे आणि जोत्यावर तुमची जागा राखून ठेवली आहे.