कूलरच्या खोलीतलं पीक

"हात धुतले का?"

आमच्या शेजारचे काका दार उघडताना आधी हे विचारायचे. या, बसा, पाणी घ्या, हे सगळं नंतर. नांदेडच्या आमच्या गल्लीत एवढं सोवळं दुसऱ्या कुणाचं नव्हतं, आणि तेही देवासाठी नव्हे, मशरूमसाठी.

बिलोलीच्या कचेरीतून रिटायर झाल्यावर माणूस नातवंडं सांभाळतो, नाहीतर गल्लीच्या भानगडीत लक्ष घालतो. काका मशरूम लागवडीच्या एका शिबिराला गेले आणि शास्त्रज्ञ होऊनच परत आले. घरातली एकुलती एक थंड खोली रिकामी झाली. सोयाबीनचं भुसकट उकळून, त्यात बियाणं मिसळून भरलेल्या पिशव्या तिथे छताला टांगल्या गेल्या. भर मे महिन्यात कूलर पिशव्यांना, आणि काका-काकू ओसरीवर पेपरने वारा घेत बसलेले.

"पिकाला गारवा लागतो," काका म्हणायचे.

"अन् माणसाला?"

"माणसाला सवय हाय."

काकू पक्क्या शाकाहारी. "कुत्र्याच्या छत्र्या माझ्या सैपाकघरात येणार न्हाईत," हा त्यांचा निकाल. मग आपल्याकडे मटणाला जो मान असतो, तोच मशरूमला मिळाला. अंगणात विटांची चूल, वेगळं पातेलं, आचारी स्वतः काका. पातेलं घासायचेही तेच.

गल्लीत घरोघर वाटी पोचायची. कुणी खायचं, कुणी मांजराला घालायचं, पण तारीफ सगळेच करायचे. काकांना त्या तारिफेचं काही नव्हतं. त्यांना काकूंनी खायला हवं होतं.

एका एकादशीला त्यांनी शोध लावला, "मशरूम धान्य न्हाई. म्हणजे उपासाला चालतंय." साबुदाण्याच्या खिचडीत मशरूम घालून ताट काकूंपुढे ठेवलं. काकूंनी ते उचललं, दारातल्या गाईपुढे रिकामं केलं आणि अबोला धरला.

"गाईनं खाल्लं की!" काका मला म्हणाले. "म्हणजे शाकाहारीच हाय." संसार बुडाला तरी संशोधन पुढे गेलं पाहिजे!

मग आवाज हळू करून म्हणाले, "तिनं एक घास खाल्ला ना, तर मला दुसरं काही नको." तेव्हा मला हसू आलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात काकांना झटका आला. दवाखाना गाठायलाही वेळ मिळाला नाही. तेरावं झाल्यावर मी भेटायला गेलो, तर काकू सैपाकघरात होत्या, आणि गॅसवर मशरूम परतत होत्या. पिशव्यांना शेवटचा बहर आला होता.

माझ्यापुढे वाटी ठेवून म्हणाल्या, "मीठ बेतानं घातलंय. ते लई खारट करायचे."

"तुम्हाला काय माहीत, काकू? तुम्ही तर कधी तोंडाला लावलं नाही."

"दुपारी ते झोपले की पातेल्यात उरलेलं खायची मी." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "कबूल केलं असतं, तर सैपाकघरातबी पिशव्या टांगल्या असत्या ह्या माणसानं."

काकूंनी गॅस बंद केला.

"चांगलं लागायचं," त्या म्हणाल्या. "सांगाया पाहिजे होतं हो."