रेंजच्या कातळावरचा हंडा

कुडपणला झऱ्यावर नंबर हंड्याचा असतो. माणूस घरी गेलं तरी चालतं, हंडा रांगेत राहतो. दुसऱ्याचा हंडा सरकवणारा अजून जन्माला यायचाय. प्रयागबाईनं हाच कायदा उचलून सड्यावर नेला. दोन म्हशींची मालकीण, सहीपुरती शिकलेली. तिला तेवढाच कायदा ठाऊक.

कारण तिच्याकडे वाढलेली भाची, शुभदा. बारावीनंतर पोरीनं अंथरूण धरलं, ना धड जेवे ना बोले. पोलादपूरच्या दवाखान्यातून मनाचं दुखणं बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईचा पत्ता लागला. ती दर गुरुवारी अकराला अर्धा तास फोनवर बोलायची. पण गावात रेंज सड्यावरच्या एकाच कातळावर, आणि मुंबईला फोन लावायला सगळं गाव तिथंच. दहा कान टवकारलेले असताना पोर काय बोलणार? दोन गुरुवार नुसतं ‘बरी हाय’ म्हणून परतली.

तिसऱ्या गुरुवारी प्रयागबाईनं कातळावर हंडा ठेवला, शुभदाला पलीकडे बसवलं आणि स्वतः वाटेत पाय पसरले.

महिपत आला. गावात त्याच्या शब्दाला वजन, आवाजाला त्याहून जास्त.

“हंडा कसला गो हा? हितं काय पाणी येतंय?”

“नंबर हाय, भावजी. अर्धा तास.”

“पोरगी कोणाशी बोलते एवढं चोरून?”

“डाक्टरणीशी. नि चोरून कसलं? गावादेखत बसलेय मी.”

“डोक्याचं औषध फोनातनं येतं व्हय? भगताकडं ने तिला.”

“नेली होती. कोंबडा त्यानं खाल्ला, पोर उपाशीच.”

मागं थांबलेल्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. महिपत हंड्याकडे वाकला.

“सरकवा,” प्रयागबाई बसल्या जागेवरून म्हणाली. “मंग उद्या झऱ्यावर तुमच्या घरचा हंडा कुठं असंल, ते मी नाय सांगायची.”

चार बायका बघत होत्या, आणि पाणी सगळ्यांनाच लागतं. महिपत करवंदीच्या जाळीपाशी जाऊन टेकला.

कातळापलीकडून रडणं ऐकू आलं. दोन महिन्यांत पोर पहिल्यांदा रडत होती. प्रयागबाईनं मान वळवली नाही. वाट अडवायची होती, ती अडवून बसली.

पुढच्या गुरुवारी कातळावर आधीच एक कळशी होती. शेजारी महिपतची सून प्रमोदिनी, पदराचं टोक पिळत.

“काकी, डाक्टरीणबाईंनी मला साडेधाची येळ दिलीय.”

प्रयागबाईनं कळशीमागं आपला हंडा ठेवला आणि वाटेत पाय पसरले.